सुपारी आणि संख्या

घरांत मंगलकार्य निघालें, कीं मुहूर्त, कार्यालय आणि आचारी यांच्या पाठोपाठ वाजंत्र्यांची चौकशी सुरू होते. ही चौकशी पूर्वीं माणसाकडून माणसाकडे जात असे. अमक्याच्या मुंजींत वाजविलें तें पथक कसें होतें, वेळेवर आलें कीं नाहीं, वरात संपेपर्यंत टिकलें कीं अर्ध्या वाटेवरच थकलें, हें मामा-मावश्यांस विचारून मग सुपारी दिली जात असे. हल्लीं घरांतील एखादा तरुण खिशांतून मोबाइल काढतो, मिनिट-दीड मिनिटाची चित्रफीत सर्वांस दाखवितो, तिच्याखालीं आलेला पाहणाऱ्यांचा आंकडा मोठ्यानें वाचतो, आणि घरांतील प्रौढ मंडळीही त्या आंकड्यापुढें मान तुकवितात. आंकडा जितका मोठा तितकें पथक चांगलें, असा एक नवा न्याय आपल्या घरांत नकळत रूढ झाला आहे. त्या न्यायाची थोडी तपासणी करावी, असें आम्हीं या महिन्यांत योजिलें आहे.

तशी ती करण्यास निमित्तही घडलें. बोईसरच्या एका वाचकांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांतील धाकट्या पुतण्यास तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत कायमची नोकरी आहे. त्यानें मित्रांसह एक वाद्यवृंद उभारला. त्यांच्या एका गाण्याची चित्रफीत मोबाइलवर लाखों लोकांनीं पाहिली. आणि आतां नोकरी सोडून वादन हाच धंदा करावा, असें त्याच्या मनानें घेतलें आहे. घरांत दोन पक्ष पडले आहेत. ‘एवढे लोक पाहतात, मग पोटाची काळजी कशाला?’ असा तरुणांचा पक्ष. ‘वाजंत्र्याचा धंदा आपल्या घराण्यांत नको’, असा आजोबांचा. या दोघांमध्यें निवाडा करण्याचें काम पत्रलेखकांनीं आमच्यावर टाकलें आहे. आमच्या मतें दोन्ही पक्ष भलत्याच मुद्द्यावर भांडत आहेत. ज्या घरांनीं या मुलांस एकदां प्रत्यक्ष ऐकलें, तीं घरें त्यांस पुन्हां बोलावितात काय, एवढ्या एका प्रश्नावर सारा निवाडा अवलंबून आहे. हें मत कसें बनलें तें क्रमानें सांगतों.

प्रथम स्थळाचा विचार करूं. पालघर आणि बोईसर-तारापूर हा टापू अशा परीक्षेस फार सोयीचा आहे. किनाऱ्याला सातपाटी, केळवें, चिंचणी इकडे मांगेले, कोळी, भंडारी, वाडवळ यांची जुनी वस्ती. पूर्वेस मनोर, विक्रमगड, जव्हार या बाजूस वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. डहाणूच्या अंगास गुजराती बोलणारीं कुटुंबें. आणि १९६९ सालीं सुरू झालेलें तारापूरचें अणुवीजकेंद्र व त्याच्या शेजारची कारखान्यांची वसाहत यांच्यामुळें देशाच्या सर्व भागांतून येऊन स्थायिक झालेले लोक. २०१३ सालीं मुंबईची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत येऊं लागली, १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि ही मिश्र वस्ती अधिकच दाटली. अशा ठिकाणीं वाजवून पोट भरूं पाहणाऱ्या पथकास हळदीच्या रात्रीं कोळीगीतें, नवरात्रांत गरबा, छठपूजेला भोजपुरी, वरातींत हिंदी चित्रपटांतील चाली आणि पाड्यावरच्या लग्नांत तारप्याच्या वळणाची धून, असें सर्व कांहीं यावें लागतें. एखाद्या पाठशाळेंत चार शास्त्रें शिकावीं तितकी मेहनत या मुलांस पडते, हें त्यांस नांवें ठेवणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

या पथकांची घडणही पाहण्यासारखी आहे. ज्यास हे लोक बेंजो म्हणतात, तें पाश्चात्यांचें बँजो नव्हे. तारांवर टंकलेखनयंत्रासारख्या कळा बसविलेलें तें वाद्य म्हणजे आपलें बुलबुल-तरंग. त्याचा मूळ पुरुष जपानांत विसाव्या शतकाच्या आरंभीं जन्मला. त्याला विजेची जोड देऊन, सोबतीस कीबोर्ड, ढोलक, ताशा आणि हातानें बडविण्याचे विजेचे पॅड घेऊन, ध्वनिवर्धक व जनित्र यांसह सर्व सरंजाम टेंपोवर चढविला, कीं पथक सिद्ध झालें. टेंपोच्या कपाळावर पथकाचें नांव आणि दूरध्वनीचा क्रमांक ठळक रंगविलेला असतो. या क्रमांकाचें महत्त्व पुढें येईल.

आतां साधनाकडे वळूं. २०१६ सालच्या उत्तरार्धांत मोबाइलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झालें आणि खेड्यापाड्यांत चित्रफिती पाहिल्या जाऊं लागल्या. २०२० च्या जून महिन्याच्या अखेरीस सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली, आणि पुढच्याच महिन्यांत इन्स्टाग्रामनें ‘रील’ हा आंखूड चित्रफितींचा प्रकार भारतांत आणला. याची रीत अशी आहे. आपण टाकलेली चित्रफीत यंत्र प्रथम थोड्या लोकांपुढें धरतें. ते ती अखेरपर्यंत पाहतात काय, पुन्हां पाहतात काय, दुसऱ्यास धाडतात काय, हें तें मोजतें. उत्तर होकारार्थी आलें तर अधिक लोकांपुढें धरतें, आणि असें वाढवीत जातें. येथें कोणी रसिक बसलेला नाहीं, कोणी परीक्षक नाहीं. मनुष्याचा अंगठा कोठें थांबला एवढेंच त्या यंत्रास कळतें. त्याच्या जोरावर पथकाचें काम कसें होतें, तेंही सरळ आहे. हळदींत वाजविलेल्या गाण्याची फीत रात्रींच चढविली जाते. नवऱ्याचे मित्र ती आपापल्या ओळखींत पसरवितात. नवरीच्या मावसबहिणीचें लग्न दोन महिन्यांवर असतें, तिच्या भावास टेंपोच्या कपाळावरचा क्रमांक फितींत दिसतो. आणि दुसरी सुपारी ठरते. मुंबईच्या वृत्तपत्रांनीं या शब्दास अलीकडे भलताच अर्थ चिकटविला असला, तरी वाजंत्र्यांच्या जगांत सुपारी म्हणजे अजून मंगलकार्याचें आमंत्रणच होय.

प्रसिद्धि आधीं आणि आमंत्रण मागाहून, हा क्रम कांहीं जगांत नवा आला नाहीं. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिच्या गाण्याच्या तबकड्या घेण्यांत आल्या. त्या काळीं एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच मावत, आणि गाणें संपतांच गौहरजान आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें सांगे. त्यांत मिरविण्याचा हेतु नव्हता. तबकड्या छापण्यासाठीं जर्मनींत हॅनोव्हरला जात. तेथल्या कारागिरांस हा आवाज कोणाचा हें कळावें व चिठ्ठी बरोबर चिकटवितां यावी, म्हणून तशी रीत होती. परंतु त्यायोगें असें झालें, कीं जेथें जेथें तबकडी वाजली तेथें तेथें नांवही पोंचलें, आणि नांवामागून आमंत्रणें आलीं. पुढें १९२७ सालीं मुंबईस नभोवाणी सुरू झाली. १९८० च्या दशकांत कॅसेटी आल्या, आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज त्यांनीं देवळादेवळांत नेला. प्रत्येक वेळीं जुन्या मंडळींनीं ‘आतां गाणें बुडालें’ म्हणून कपाळास हात लाविला आणि प्रत्येक वेळीं गाणें उरलें. गंमत अशी, कीं इन्स्टाग्रामनें २०२५ सालीं आपल्या रीलची मर्यादा वाढवून तीन मिनिटें केली. म्हणजे सव्वाशें वर्षें हिंडून यंत्र पुनः गौहरजानच्या तबकडीशीं येऊन थांबलें!

या नव्या साधनानें महाराष्ट्रांतील तरुणांचें कल्याण केल्याचीं उदाहरणें आहेत, आणि तीं प्रामाणिकपणें सांगितलीं पाहिजेत. जळगांव जिल्ह्यांतून आलेल्या संजू राठोड या तरुणाचें ‘गुलाबी साडी’ हें गाणें २०२४ सालीं पसरलें, तें कोणा मोठ्या चित्रपटसंस्थेनें डोक्यावर घेतलें म्हणून नव्हे. देशभरच्या स्त्रियांनीं त्याच्या तुकड्यावर नाचून आपापल्या फिती चढविल्या, आणि ऐकणारेच त्याचे दवंडीवाले झाले. पुढच्या वर्षीं आलेलें त्याचें ‘शेकी’ हेंही असेंच पसरलें. मुंबईच्या कांहीं तरुणांनीं संतांचे अभंग गिटार आणि ड्रम यांच्या साथीनें गाण्यास आरंभ केला व आपल्या वृंदास ‘अभंग रिपोस्ट’ असें नांव दिलें. रिपोस्ट म्हणजे दुसऱ्याचें लिहिणें आपल्या ओळखीच्यांस पुन्हां धाडणें. संतवाणी पुढें पोंचविणाऱ्यांस हें नांव चपखलच म्हणावयाचें. यूट्यूबवर त्यांस श्रोते मिळाले आणि पुढें मोठमोठे रंगमंचही मिळाले. त्यांच्या वाद्यांचा गोंगाट आमच्या कानांस थोडा अधिक होतो, परंतु जीं मुलें हरिपाठास कधीं बसलीं नसतीं तीं यांच्यापुढें अभंगाच्या ओळी तोंडपाठ म्हणतात, ही गोष्ट लहान नाहीं.

मग आंकड्यावर विश्वास ठेवण्यास हरकत काय? हरकत कळण्यासाठीं एक विलायती हकीगत सांगतों. थ्रेटिन या नांवाच्या एका अमेरिकन रॉक-गायकानें २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यांत इंग्लंडचा दौरा काढला. समाजमाध्यमांवर त्याचे चाहते पुष्कळ दिसत. गर्दीनें भरलेल्या जलशांच्या फिती होत्या. जलसे ठरविणारी एक कंपनीही होती. लंडनच्या कॅम्डन भागांतील ‘अंडरवर्ल्ड’ या नाट्यगृहास २९१ तिकिटें आगाऊ खपल्याचें सांगण्यांत आलें. प्रयोगाच्या रात्रीं आले तीन जण. मागाहून उलगडा झाला, कीं चाहते बनावट, गर्दी बनावट आणि ती कंपनीही त्याचीच कल्पित निर्मिति होती. त्याच्या बरोबरचे वादक दौरा अर्ध्यावर टाकून घरीं परतले. आंकडा विकत मिळतो. खुर्चीत येऊन बसणारा मनुष्य विकत मिळत नाहीं, हें त्या बिचाऱ्या वादकांस फार महागांत कळलें.

आमच्या पालघर-बोईसरचीं मुलें असें कांहीं कपट करीत नाहींत. परंतु खऱ्या आंकड्यांतही एक फसगत आहे. फीत पाहणारे लाख असोत. त्यांतील किती नागपुरास, किती सुरतेस आणि किती दुबईस असतात! टेंपो, जनित्र आणि दहा माणसें घेऊन रात्रींत जाऊन परत येतां येईल, एवढ्याच टापूंतून सुपारी यावयाची. मनोर, सफाळें, वाणगांव, डहाणू, वाडा, विरार, फार तर वापी, येथवर तो टापू संपला. जो मनुष्य आपल्या अंगणांत मांडव घालणार, तोच सुपारी देणार. बाकीचे केवळ अंगठा हलविणार. सुदैवानें ही माध्यमें धंदेवाईक खातें काढणाऱ्यास पाहणारे कोणत्या गांवचे आहेत हें कळवितात. पथकांच्या चालकांनीं एकूण आंकड्याकडे पाहणें सोडून गांवांची ती यादी पाहावी. लाखांत आपल्या तालुक्यांतले पांचशें निघाले, तर ते पांचशें हेंच त्यांचें भांडवल होय.

पैशाचाही एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाहणाऱ्यांच्या संख्येप्रमाणें घरबसल्या पैसे मिळतात, असें पुष्कळांस वाटतें. यूट्यूबवरील जाहिरातींचा वांटा मिळण्यास खात्याचे निदान १,००० वर्गणीदार हवेत, आणि शिवाय वर्षभरांत ४,००० तासांचें पाहणें किंवा ९० दिवसांत आंखूड फितींचें एक कोट पाहणें झालें पाहिजे. एवढें करूनही गाणें दुसऱ्याचें असेल तर मिळकत बहुधा त्या गाण्याच्या मालकाकडे वळते. येथें कायद्याची एक बारीक रेषा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७, याच्या कलम ५२ प्रमाणें विवाहादि धर्मकार्यांत व वरातींत चित्रपटाचें गाणें वाजविणें हा हक्कभंग होत नाहीं. २०२३ सालीं केंद्र सरकारनें हें जाहीर पत्रकानें पुन्हां स्पष्टही केलें. परंतु तेंच गाणें फितींत भरून जगापुढें ठेवलें, कीं कलमाचें छत्र संपतें. यंत्र चाल ओळखतें, आवाज बंद करतें किंवा पैसा मालकास देतें. सारांश, परक्या चालींवर उभ्या असलेल्या पथकास मोबाइल जाहिरातीपुरता उपयोगी आहे. चूल पेटते ती मांडवांतल्या सुपारीवरच.

आणि मांडवांत काय लागतें? याचें उत्तर शोधण्यास आम्हांस फार दूर जावें लागलें नाहीं. तेराव्या शतकांत, आपल्याच देवगिरीस, यादव राजा सिंघण याच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्यांत गायक-वादकांच्या वृंदाचा स्वतंत्र विचार आहे. उत्तम वृंदांत चार मुख्य गायक, आठ सहगायक, बारा गायिका, चार बांसरीवाले आणि चार मृदंगवाले असावेत, असा त्याचा हिशेब. आजच्या पथकांस हा परिवार परवडणार नाहीं. परंतु संख्या सांगून तो थांबत नाहीं. वृंदाचे सहा गुणही सांगतो. मुख्याच्या मागोमाग जाणें, एकमेकांत मिसळणें, तालाच्या गतीस धरून राहणें, एकाचें तुटलें तर दुसऱ्यानें तें सांवरून घेणें, मंद्र, मध्य व तार या तिन्ही स्थानांत पोंचण्याची शक्ति, आणि आवाजांचें सारखेपण. हे ते सहा गुण.

या यादींतील चौथ्या गुणाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. तुटलेलें सांवरून घेणें! शार्ङ्गदेव असें गृहीतच धरतो, कीं प्रत्यक्ष गाण्यांत कोणाचें ना कोणाचें तुटणारच. वीज जाईल, तार तुटेल, गायकाचा घसा बसेल, नवऱ्याचा घोडा बुजेल, मिरवणूक अरुंद गल्लींत अडकेल. अशा वेळीं ढोलकवाल्यानें ठेका धरून ठेवावा, बेंजोवाल्यानें गायकाची ओळ उचलावी, आणि पाहुण्यांस कांहीं बिघडल्याचें कळूंही नये, हेंच वृंदाचें वृंदपण. आणि नेमकी हीच गोष्ट फितींत दिसूं शकत नाहीं. जेथें तुटलें तो भाग कापून टाकलेला असतो. दहा वेळां वाजवून त्यांतील सर्वांत चांगलें मिनिट निवडलेलें असतें. मिसळणें, आवाजाचें सारखेपण, हीं तर हल्लीं यंत्रानेंच साधतां येतात. म्हणजे सहांपैकीं ज्या गुणावर आपल्या घरचें कार्य पार पडावयाचें, तोच गुण पडद्याआड राहतो. तो कळण्यास एकच मार्ग उरतो: ज्यांच्या घरीं तें पथक वाजलें, त्यांस विचारावें. मामा-मावश्यांची जुनी चौकशी वेडगळ नव्हती, हें अशा रीतीनें सातशें-आठशें वर्षांपूर्वींच्या शास्त्रकारानें सिद्ध करून ठेवलें आहे.

जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवास तमाशाच्या फडांचे जे करार होतात, त्यांतही हेंच तत्त्व दिसतें. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें फडांच्या राहुट्या लागतात. गांवोगांवचे पंच येऊन यात्रेसाठीं फड ठरवितात. मालक समोर बसलेला असतो, पंचांपैकीं कोणीं तो फड मागच्या यात्रेंत पाहिलेला असतो, आणि घासाघीस होऊन विसार दिला जातो. येथें पूर्वींचा अनुभव हीच शिफारस. मोबाइलनें या राहुटीचें दार रुंद केलें, एवढें त्याचें श्रेय मानावें. दारांतून आंत येणाऱ्यास पारखण्याचें काम त्यानें आपल्यावर घेतलेलें नाहीं.

आतां बोईसरच्या वाचकांस उत्तर देतों. प्रथम आजोबांस. ज्या शार्ङ्गदेवाची साक्ष वर काढली, तो काश्मीरहून दक्षिणेंत आलेल्या विद्वान् ब्राह्मण घराण्यांतला होता. १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून ज्यांनीं गाणाऱ्यांस समाजांत मानाचें स्थान मिळवून दिलें, ते पलुस्करही आपल्यांतलेच. सुरांनीं घराणें बाटत नाहीं. बुडविलेल्या कर्जानें मात्र बाटतें. आणि कर्जाची गोष्ट पुतण्यानें ऐकावी. ध्वनिवर्धक, जनित्र आणि टेंपो हीं बहुधा हप्त्यानें घेतलीं जातात. आषाढी एकादशीनंतर लग्नें थांबतात. गणपति आणि नवरात्र एवढेच काय ते आधार. त्यांतही पितृपक्ष रिकामा. पुन्हां तुळशीच्या लग्नापर्यंत वाट पाहावयाची. सुपारी थांबते, हप्ता थांबत नाहीं. म्हणून त्यानें एक वही घालावी. प्रत्येक सुपारी कशी आली तें तींत लिहावें: केवळ फीत पाहून आली, कीं पूर्वीं ज्यांनीं प्रत्यक्ष ऐकलें त्यांच्याकडून आली. लागोपाठ दोन हंगाम जर दुसऱ्या प्रकारच्या सुपाऱ्या वाढत गेल्या, आणि रिकाम्या महिन्यांचा खर्च गांठीस उरला, तर त्यानें नोकरी खुशाल सोडावी व घरच्यांनीं त्यास आशीर्वाद द्यावा. तोंवर नोकरी आणि वादन दोन्ही चालवावीं. शार्ङ्गदेवानेंही तेंच केलें. संगीताचा तो अद्वितीय ग्रंथ लिहिणारा मनुष्य देवगिरीच्या दरबारांत हिशेबखात्याचा मुख्य अधिकारी होता.

पथकांच्या बाजूनें एवढें बोलल्यावर एका निराळ्या वादकाचें नांव घेतल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचें पान आणि मेण यांपासून बनणारें तारपा हें या जिल्ह्याचें खरें वाद्य. वारली चित्रांत वर्तुळाकार नाचणाऱ्यांच्या मध्यें जो वांकून फुंकणारा दिसतो, तो तारपकरी. त्याचा श्वास मध्यें तुटत नाहीं. नाकानें हवा घेत तो गालांतील हवा फुंकीत राहतो, आणि नाच त्या एका श्वासावर फिरतो. जव्हार तालुक्यांतील वाळवंडें येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांनीं हें वाद्य जन्मभर वाजविलें व स्वतःच्या हातानें घडविलें; वयाची नव्वदी उलटल्यावर, २०२६ सालीं, त्यांचें नांव पद्मश्रीच्या यादींत आलें. परंतु तारपा-नाचाच्या ज्या असंख्य फिती मोबाइलवर फिरतात, त्यांच्याखालीं पुष्कळदां ‘आदिवासी नृत्य’ एवढेंच लिहिलेलें असतें. वाजविणारा कोण, पाडा कोणता, त्यास बोलवावयाचें तर निरोप कोठें धाडावा, यांपैकीं कांहीं नसतें. फीत काढणाऱ्याची संख्या वाढते, आणि ज्याच्या श्वासावर ती वाढली तो भातकापणीनंतर मजुरीस जातो. सव्वाशें वर्षांपूर्वीं कलकत्त्याच्या गायिकेस जी गोष्ट तबकडीवर मिळाली, ती आमच्या शेजारच्या तारपकऱ्यास इतक्या यंत्रांनंतरही मिळूं नये, याला यंत्राचा दोष कोण म्हणेल? आपल्या मुलांनीं अशी फीत काढली, तर वडीलधाऱ्यांनीं एवढाच दंडक घालावा, कीं आधीं वाजविणाऱ्याची परवानगी घे, आणि त्याचें नांव-गांव लिहिल्याखेरीज ती पुढें धाडूं नकोस.

शेवटीं यजमानांचीं कर्तव्यें. ज्यांच्या हातीं पैशाची थैली त्यांच्या हातीं ही विद्या जगविणें किंवा मारणें आहे. फीत पाहून पथक निवडण्यास हरकत नाहीं. परंतु ठरविण्यापूर्वीं एक तरी घर गांठून विचारावें, आणि शक्य तर दुसऱ्याच्या मांडवांत उभें राहून पाव तास ऐकावें. किती माणसें येणार, किती वेळ वाजविणार, जनित्र कोणाचें, विसार किती, हें कागदावर लिहावें. ‘आमच्याकडे वाजवा, तुमचें नांव होईल’ असें म्हणून फुकट वाजवून घेण्याची जी नवी युक्ति सुशिक्षितांत शिरली आहे, ती सोडून द्यावी; नांवानें दुकानदार पीठ देत नाहीं. रात्रीं दहानंतर ध्वनिवर्धक बंद करण्याचा नियम आहे. तो मोडावयास लावून शिपायाच्या पुढें वाजंत्र्यास उभें करूं नये. ठरलेली रक्कम वरात उतरतांच हातांत ठेवावी. दुसऱ्या दिवशीं या, असें म्हणूं नये. काम चांगलें झालें तर ज्या मोबाइलवर त्यांस शोधलें त्यावरच चार शब्द त्यांच्या नांवानिशीं लिहावे. आणि ज्यांच्या वाद्यांवर घरचीं लहानथोर सारीं नाचलीं, त्या मंडळींस मांडवाच्या कडेला, चपलांच्या ढिगापाशीं ताटकळत ठेवून उरलेलें वाढण्याची चाल अजून ज्या घरांत असेल, त्यांनीं ती यंदाच्या पहिल्या कार्यापासून बंद करावी. वाजंत्र्यांचीं पानें पाहुण्यांबरोबरच मांडावीं, आणि घरच्या कर्त्यानें उभें राहून त्यांस आग्रह करावा.